एकाच घरात वाढलेली तीन मुले इतकी वेगळी कशी, आणि तरी इतकी सारखी कशी?

वाचनालयाच्या ताई, डिचोली

सर्वांना नमस्कार. विषय घरगुती असला तरी प्रश्न केवळ आमच्या घरापुरता नाही असे वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्हाला तीन मुले. थोरला १९९७ चा, मधली मुलगी २००० ची आणि धाकटा २००६ चा. तिघेही एकाच घरात, त्याच आईवडिलांच्या आणि त्याच आजीच्या नजरेखाली वाढले. बोलणे कोकणीतून, वाचन मराठीतून, चवथ, जत्रा, भजन, सोमवारचे शिवराक (शाकाहारी) जेवण, यांत कोणाच्या वाट्याला वेगळे काही आले नाही. तरीही थोरला चार माणसांत बसला की पाचवा आपोआप येऊन बसतो, आणि जत्रेतल्या नाटकात त्याला भूमिका नसली तर गावालाच चुकल्यासारखे वाटते. मुलगी पैशाच्या हिशेबाबाबत आणि दिलेल्या शब्दाबाबत इतकी काटेकोर आहे की तिच्या आजीलाही तिची थोडी धास्ती वाटत असे. धाकटा घरात आहे की नाही हे बाहेर काढलेल्या चपलांवरून ओळखावे लागते. मात्र हाच मुलगा फुटबॉलच्या मैदानावर उतरला की ओरडून सगळ्या संघाला कामाला लावतो.

दुसरीकडे पाहावे, तर फोनवर दोघा भावांचे आवाज मलाही पटकन वेगळे ओळखू येत नाहीत. चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधायला तिघे एकत्र आले की दुसऱ्याने मारलेल्या गाठीवर विश्वास न ठेवता ती सोडून पुन्हा बांधायची, आणि त्यावरून कुरबुर करायची, ही खोड तिघांतही सारखीच आहे.

आमच्या नातेवाइकांत यावरून दोन पक्ष पडले आहेत. एक पक्ष म्हणतो की हे सारे रक्तातून येते, आईबापांनी त्याचे श्रेय घेऊ नये आणि दोषही घेऊ नये. दुसरा पक्ष म्हणतो की थोरल्याला आम्ही मोकळीक दिली, मुलीवर लवकर जबाबदारी टाकली आणि धाकट्याला गप्प बसू दिले, त्याचे हे फळ आहे. यातले खरे किती? एकाच घराचा मुलांच्या स्वभावावर किती परिणाम होतो, आणि थोरला, मधला, धाकटा या क्रमाला खरोखर काही अर्थ आहे काय, याबद्दल अभ्यासकांनी काय शोधले आहे ते कोणी नीट समजावून सांगावे. धीर देणारी उत्तरे घरात पुष्कळ मिळतात, ती येथे नकोत.

फोंड्याचे मास्तर

ताई, मी उच्च माध्यमिक वर्गांना जीवशास्त्र शिकवतो, तेव्हा सुरुवात रक्ताच्या पक्षापासून करतो. कारण या पक्षाचा मुद्दा बरोबर असला तरी त्याच्या समर्थकांना तो बहुधा अर्धाच ठाऊक असतो. ‘रक्त एकच’ असे आपण म्हणतो तेव्हा भावंडे सारखी असायला हवीत असे गृहीत धरतो. प्रत्यक्षात आनुवंशिकता भावंडांना जितकी जवळ आणते तितकीच दूरही नेते. आईच्या गुणसूत्रांच्या २३ जोड्यांपैकी प्रत्येकीतले एक मुलाकडे येते, आणि कोणते येईल हे दर वेळी नव्याने ठरते. नुसत्या या निवडीतून एका पालकाकडून सुमारे ८४ लाख वेगवेगळे संच तयार होऊ शकतात. दोन्ही पालकांचा एकत्र विचार केला तर ही संख्या सुमारे ७० लाख कोटींवर जाते, आणि गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलतात ते यात धरलेलेच नाही. सख्ख्या भावंडांत ५० टक्के जनुकीय वाटा समान असतो हे विधान सरासरीचे आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४,४०१ भावंड-जोड्यांची जनुकीय तपासणी झाली, तेव्हा हा वाटा काही जोड्यांत ३७ टक्क्यांच्या आसपास, तर काहींत ६१ टक्क्यांच्या वर निघाला. म्हणजे एकाच घरातली दोन भावंडे दुसऱ्या दोन भावंडांपेक्षा जनुकांनी अधिक जवळची असू शकतात, आणि आईबापांना ते बाहेरून कळण्याचा मार्ग नसतो.

आता घराचा वाटा. तो मोजण्यासाठी अभ्यासक एकसारखी जुळी, साधी जुळी, वेगवेगळ्या घरांत वाढलेली जुळी आणि दत्तक भावंडे यांची तुलना करतात. २०१५ साली अशा पन्नास वर्षांच्या जुळ्यांवरील संशोधनाचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात २,७४८ शोधनिबंध आणि सुमारे १ कोटी ४५ लाख जुळ्यांच्या जोड्या होत्या. सगळ्या गुणधर्मांचा मिळून माणसामाणसांतल्या फरकापैकी सरासरी ४९ टक्के फरक आनुवंशिक भेदांशी निगडित असल्याचे त्यात आढळले. उरलेला जवळजवळ अर्धा फरक परिस्थितीचा आहे हे ऐकून नातेवाइकांचा दुसरा पक्ष खूश होईल, पण इथेच खरी मेख आहे. रॉबर्ट प्लोमिन आणि डेनिस डॅनियल्स यांनी १९८७ साली एका गाजलेल्या निबंधात नेमका आपलाच प्रश्न विचारला होता. त्यांनी दाखवून दिले की स्वभावाच्या बाबतीत परिस्थितीचा जो परिणाम होतो तो भावंडांना सारखे करणारा नसतो, त्यांना वेगळे करणारा असतो. लहानपणापासून एकाच घरात वाढलेली, पण रक्ताचे नाते नसलेली दत्तक भावंडे मोठेपणी स्वभावाने एकमेकांसारखी जवळजवळ होतच नाहीत.

यावरून ‘घराचा काही परिणाम नाही’ असा निष्कर्ष अनेक जण काढतात, तो मात्र चुकीचा आहे. या हिशेबात ‘घराचा सामाईक परिणाम’ याचा अर्थ भावंडांना एकसारखे करणारा परिणाम एवढाच आहे. एकाच बापाच्या कडकपणामुळे एक मुलगा आज्ञाधारक झाला आणि दुसरा बंडखोर झाला, तर परिणाम घराचाच असूनही तो ‘सामाईक’ या सदरात मोजला जात नाही. शिवाय हा निष्कर्ष सगळ्या गोष्टींना सारखा लागू नाही. भाषा, बोलण्याची ढब, धर्माचार, जेवणाच्या आवडी आणि शिक्षण किती वर्षे झाले, यांवर घराचा ठसा स्वभावापेक्षा कितीतरी स्पष्ट दिसतो. आपल्या मुलांचे आवाज सारखे वाटतात त्यात घशाची ठेवण जनुकांची आणि शब्दांची चाल घराची, असे दोन्ही असणार. गाठ सोडून पुन्हा बांधण्याच्या खोडीबद्दल बोलायचे, तर ती कोणा मोठ्या माणसाला पाहून आली असावी असा माझा संशय आहे. माटोळी त्यांना कोणी बांधायला शिकवली, ते आपणच आठवून पाहावे.

सत्तरीचा वाचक

मास्तरांनी शास्त्र उत्तम सांगितले आहे. मला ताईंच्या एकाच वाक्यावर हरकत घ्यायची आहे: ‘तिघेही एकाच घरात वाढले’. पत्ता एक होता हे मान्य. पण १९९७ चा मुलगा आणि २००६ चा मुलगा यांना डिचोली तालुक्यात एकच घर मिळाले, हे गोव्यातल्या माणसाने तरी सहज मान्य करू नये.

२०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणींचे काम थांबवले आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१४ मध्ये ती अटींसह उठली. पुढे २०१८ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि काम पुन्हा ठप्प झाले. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत ज्यांचा ट्रक होता, बार्जवर नोकरी होती, गॅरेज होते किंवा रस्त्याकडेला चहाचा गाडा होता, त्या प्रत्येक घराचे दिवस यामुळे पालटले. आपले घर यांपैकी होते की नाही हे मला माहीत नाही. पण असेल, तर आपला थोरला पंधरा वर्षांचा होईपर्यंत घरात पैसा होता, वडील पहाटे बाहेर पडत होते आणि अंगणात खनिजाची लाल धूळ होती. धाकटा जेमतेम सहा वर्षांचा असताना हे सारे थांबले. दोघांना वडील तेच लाभले, पण वडिलांचा वेळ, वडिलांची चिंता आणि वडिलांचा राग तोच लाभला नाही.

शाळेचेही तसेच. १९९० नंतर गोव्यात प्राथमिक शाळांचे सरकारी अनुदान आपल्या भाषांच्या माध्यमापुरते होते. २०११ मध्ये ते इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही देण्याचा निर्णय झाला आणि त्यावरून मोठे आंदोलन पेटले. त्या सुमारास ज्यांचे धाकटे मूल पहिलीत जायचे होते, अशा कितीतरी घरांत मोठी भावंडे मराठी शाळेतली आणि धाकटे इंग्रजी शाळेतले अशी विभागणी झाली. शाळा बदलली की सोबती बदलतात, आणि सोबत्यांचे वजन आपण समजतो त्याहून जास्त असते. अमेरिकेतल्या ज्युडिथ रिच हॅरिस यांनी १९९५ साली असा सिद्धान्त मांडला की मूल घराबाहेर कसे वागेल हे आईबापांपेक्षा बरोबरीच्या मुलांच्या गटात अधिक घडते. त्यांचे सगळे म्हणणे मला पटत नाही, थोडे टोकाचे वाटते. पण घरात गप्प असणारा मुलगा मैदानावर ओरडतो याचे कोडे त्यातून बरेच उलगडते. तो तिथे वेगळाच माणूस आहे, कारण तो तिथे वेगळ्या माणसांत घडला आहे.

माझी एक सूचना आहे. तिन्ही मुलांना एकमेकांच्या नकळत विचारा, की तुझ्या लहानपणी आपले घर कसे होते. उत्तरे ताडून पाहा.

पेडण्याची तिसरी

जन्मक्रमाच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही. मी चौघी बहिणींतली तिसरी आहे, त्यामुळे या विषयाकडे पूर्ण तटस्थपणे पाहण्याचा दावा करत नाही.

थोरले जबाबदार, मधले तडजोड करणारे, धाकटे लाडावलेले, ही मांडणी मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड आडलर यांच्यापासून चालत आली आहे आणि ती इतकी पसरली की आता लग्नाच्या बोलणीतही ऐकू येते. २०१५ साली अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनी येथील २०,००० हून अधिक लोकांची माहिती तपासणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मनमिळाऊपणा, बोलकेपणा, काटेकोरपणा, मनाचा तोल, यांपैकी कशावरही जन्मक्रमाचा टिकाऊ परिणाम त्यात दिसला नाही. ‘मुलगी मधली म्हणून अशी’ किंवा ‘धाकटा शेंडेफळ म्हणून असा’ असे नातेवाईक म्हणतात, त्याला या माहितीचा आधार नाही. आपण घरात पाहतो तो फरक बराचसा वयाचा असतो: थोरला तीस वर्षांचा आणि धाकटा वीस वर्षांचा असेल, तर थोरला जबाबदार दिसणारच.

बुद्धिमापनाच्या बाबतीत मात्र लहानसा फरक सापडतो. नॉर्वेमध्ये सैन्यभरतीच्या वेळी सर्व तरुणांची चाचणी होत असे; तिथल्या सुमारे २ लाख ४० हजार तरुणांच्या गुणांवरून २००७ साली असे दिसले की थोरल्यांचे गुण दुसऱ्या क्रमांकाच्या मुलांपेक्षा सरासरी दोन-सव्वादोन अंकांनी अधिक होते. या अभ्यासातली सर्वांत मोलाची गोष्ट याच्या पुढे आहे. ज्यांचे मोठे भावंड अगदी लहानपणी दगावले होते आणि जे त्यामुळे घरात थोरले म्हणून वाढले, त्यांचे गुण थोरल्यांसारखेच आले. म्हणजे कारण गर्भातले नसून घरातल्या स्थानाचे आहे. तरीही दोन अंकांचा फरक एखाद्या मुलात डोळ्यांनी दिसणारा नाही. सख्ख्या भावंडांत याच मापावर सरासरी बारा-तेरा अंकांचे अंतर असते, त्यापुढे हा फरक किरकोळ आहे.

भारतात जन्मक्रमाचा परिणाम वेगळ्या जागी दिसतो, आणि तो अधिक क्लेशकारक आहे. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे यांनी २०१७ साली भारत आणि आफ्रिकेतील देश यांतल्या १ लाख ६८ हजार मुलांच्या उंचीची तुलना केली. भारतातले पहिले मूल उंचीत आफ्रिकेतल्या पहिल्या मुलाच्या मागे नव्हते; दुसऱ्यापासून मागे पडणे सुरू होते आणि पुढच्या प्रत्येक मुलागणिक वाढत जाते. थोरल्या मुलग्याला मिळणारे झुकते माप हे त्याचे एक कारण त्यांनी दाखवले. गोव्यात आज परिस्थिती निराळी आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्याचा प्रजनन दर एका स्त्रीमागे सरासरी १.३ मुले इतका होता, म्हणजे तिसरे मूल तर सोडाच, दुसरेही पुष्कळ घरांत नाही. माझ्या आईच्या पिढीत मात्र माशाचा मधला तुकडा कोणाच्या ताटात पडायचा हे ठरलेले असे, आणि त्यावर कोणी बोलत नसे.

आणखी एक गोष्ट अनुभवाची, पण तिला अभ्यासाचाही आधार आहे. घरात एखादी जागा भरली की पुढचे मूल ती सोडून देते. माझी थोरली बहीण गाणारी म्हणून ओळखली जाऊ लागली, तेव्हा आम्हां तिघींपैकी एकीनेही पेटीला हात लावला नाही. आवाज मात्र दुसरीचाच जास्त गोड होता. फ्रान्सिस श्याख्टर यांनी १९७६ मध्ये हे नोंदवले, की भावंडे आपली ओळख मुद्दाम एकमेकांपासून वेगळी ठेवतात, आणि हे पहिल्या दोघांत व भाऊ-भाऊ किंवा बहीण-बहीण अशा जोड्यांत अधिक आढळते. ताई, आपला धाकटा नाटकात का उतरत नाही याचे उत्तर कदाचित थोरल्याच्या टाळ्यांत आहे. ‘हा आमचा बोलका’, ‘हा आमचा मुका’ असे पाहुण्यांपुढे म्हणणे जितके कमी होईल तितके बरे, एवढे मी तिसरी म्हणून हक्काने सांगते.

मांडवीकाठ

थोडक्यात एक भर घालतो. जनुके आणि परिस्थिती या दोघांत सगळी वाटणी करून टाकली की हिशेब संपला, असे नाही. २०१३ साली जर्मनीतल्या संशोधकांनी जनुकीयदृष्ट्या एकसारख्या ४० उंदरांना एकाच मोठ्या, अनेक मजली पिंजऱ्यात तीन महिने ठेवले. जनुके एक, घर एक, अन्न एक. तरी हळूहळू काही उंदीर फार भटके झाले, काही एका कोपऱ्यात रमले, आणि दिवसागणिक त्यांच्यातले अंतर वाढत गेले. भटक्या उंदरांच्या मेंदूत स्मृतीशी संबंधित भागात नव्या पेशीही अधिक आढळल्या. सुरुवातीचा फरक बारीकसा, कदाचित योगायोगाचा असतो. तो पुढच्या अनुभवाची दिशा ठरवतो आणि तो अनुभव फरक वाढवतो. माणसांच्या बाबतीत त्याला आणखी एक वळण आहे: पोर हसरे असले की घरचे त्याच्याशी जास्त बोलतात, आणि म्हणून ते आणखी बोलके होते. आईबापांनी भेद केला असे बाहेरून दिसते, तेव्हा पुष्कळदा मुलानेच तो त्यांच्याकडून करवून घेतलेला असतो.

वाचनालयाच्या ताई, डिचोली

सर्वांचे मनापासून आभार. सत्तरीच्या वाचकांचा अंदाज खरा आहे: आमचा स्वतःचा एक ट्रक खनिजाच्या वाहतुकीवर होता, आणि धाकटा इंग्रजी शाळेत गेला. माटोळीची खोड ह्यांच्या वडिलांची. मास्तरांचा संशय योग्य जागी होता.

सूचनेप्रमाणे तिघांना वेगवेगळे विचारले. थोरला म्हणाला की घरात सतत माणसे असत, ड्रायव्हर, क्लीनर, शेजारी, आणि बाबा फक्त रात्री दिसत. मुलीला बँकेच्या हप्त्यांची वही आठवली. बाबांचे आणि माझे दबक्या आवाजातले बोलणे ती आतल्या खोलीतून ऐकत असे, हे मला आजवर ठाऊक नव्हते. धाकट्याला ट्रक नीटसा आठवतही नाही. त्याला आठवते ते संध्याकाळी बाबांबरोबर मैदानावर जाणे, कारण त्या वर्षांत बाबा घरीच होते. तिघांनी तीन घरे सांगितली. मला वाटते, माझ्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे.

फोंड्याचे मास्तर

ताई, ही तीन उत्तरे फार मोलाची आहेत, पण त्यांवरून निकाल देण्याची घाई करू नये. मुलीला हप्त्यांची वही दिसली म्हणून ती काटेकोर झाली, की ती मुळातच काटेकोर होती म्हणून घरातल्या शंभर गोष्टींतून नेमकी तीच वही तिच्या लक्षात राहिली, हे आजच्या आठवणींवरून ठरत नाही. मांडवीकाठ यांनी सांगितलेले वळण इथेही लागू आहे, कारण काय आठवावे हेही स्वभावच निवडतो. खाणी बंद झाल्या तेव्हा ती बारा वर्षांची होती, म्हणजे प्राथमिक शाळा त्याआधीच संपलेली होती. तिची जुनी प्रगतिपुस्तके जपून ठेवली असतील, तर पहिली ते चौथीचे शेरे वाचून पाहावेत. ते घराबाहेरच्या माणसाने, पुढे काय होणार हे माहीत नसताना लिहिलेले आहेत. दुसरी-तिसरीतच ‘वह्या नीटनेटक्या, कामात चोख’ असे काही सापडले, तर मुलीवर जबाबदारी लवकर पडली म्हणून ती अशी झाली, हे नातेवाइकांच्या दुसऱ्या पक्षाचे म्हणणे निदान तिच्यापुरते तरी टिकणार नाही.